एम-थ्री सगळ्यात शेवटी ठेवू का?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तू थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलास. एम-थ्रीच्या, म्हणजे त्या वर्षाच्या गणिताच्या, पहिल्या पेपरात ७० पैकी १९ मार्क पडले. त्यानंतर दोनदा फॉर्म भरलास, हॉलतिकीट आलं, पण पेपरला गेलाच नाहीस. आता तिसऱ्या वर्षाचं दुसरं सत्र चालू आहे, बाकीचे सगळे विषय सुटलेत. आता हा एक विषय बाजूला ठेवायचा, डिग्रीचं बाकी सगळं उरकायचं आणि शेवटी निवांत एकट्या एम-थ्रीच्या मागे लागायचं, असा तुझा बेत आहे. घरी यातलं काही ठाऊक नाही. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंयस, "मला गणित येतच नाही, हे मी मान्य केलंय."

मी सोलापुरात २३ वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवतेय. दिवसा कॉलेजात, आणि संध्याकाळी घरी राहिलेल्या विषयांची मुलं येतात. त्यातली निम्मी तरी तुझ्यासारखी, डिप्लोमा करून आलेली असतात. तुला अरे-तुरे करतेय ते त्याच सवयीनं.

आधी उत्तर देते, मग कारणं. पेपर कोणत्या सत्रात द्यायचा, हे थोडं मागेपुढे करता येतं. विषयाला हात लावणं मात्र आता एक आठवडाही पुढे ढकलू नकोस. तू या दोन्ही गोष्टी एकच धरून चालला आहेस, आणि माझ्या मते तुझी खरी अडचण तिथेच आहे.

तुझ्या १९ मार्कांची मला फारशी काळजी वाटत नाही. ४० टक्क्यांच्या हिशोबानं ७० ला २८ लागतात, म्हणजे तू ९ मार्कांनी राहिलास. दीड प्रश्न. पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू न करता थेट एम-थ्रीच्या वर्गात येऊन बसलेल्या मुलानं पहिल्याच फटक्यात १९ मिळवले, तर त्याला गणित येत नाही असं मी तरी म्हणणार नाही. मला काळजी वाटते ती त्या दोन गैरहजेऱ्यांची.

कारण त्या सकाळी काय होतं, हे मी बऱ्याच मुलांकडून ऐकलंय. काही वर्षांपूर्वी एक मुलगा शिकायला यायचा. पेपरच्या दिवशी तो नेहमीसारखा आंघोळ करून, देवाला हात जोडून, आईनं दिलेला डबा घेऊन निघाला. कॉलेजच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथून गाडी वळवून कंबर तलावावर जाऊन बसला. शर्टाच्या खिशात हॉलतिकीट, हातात दोन पेन. पेपर सुटायची वेळ होईपर्यंत तीन तास बसला आणि घरी जाऊन म्हणाला, "बरा गेला." मला हे त्यानं सांगितलं दीड वर्षानं. मी विचारलं, "तिथे बसून काय वाटत होतं?" तर म्हणाला, "मॅडम, गाडी वळवली ना, तेव्हा लय हलकं वाटलं. नंतर मग वाईट वाटायला लागलं."

ते हलकं वाटणं लक्षात घे, कारण तुला त्याचीच सवय लागत चाललीय. वही मिटली की बरं वाटतं, फॉर्म भरून पेपरला नाही गेलं की बरं वाटतं, "शेवटी देऊ" असं ठरवलं की तर फारच बरं वाटतं. प्रत्येक वेळी तुझं मन शिकतं की या विषयापासून लांब गेलं की सुटका होते. अभ्यास काहीच झालेला नसतो, पण भीतीची उजळणी मात्र झालेली असते. म्हणून तिसऱ्या खेपेला विषय पहिल्यापेक्षा अवघड वाटतो, अभ्यासक्रम तोच असून.

यावर एक संशोधन आहे, ते मी मुलांना मुद्दाम सांगते. इयान लायन्स आणि सियान बाइलॉक या दोघांनी २०१२ साली गणिताची भीती असलेल्या लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. आता गणित येणार आहे, अशी खूण दिसली की या लोकांच्या मेंदूतले वेदनेशी जोडलेले भाग जागे होत होते. प्रत्यक्ष गणित सोडवताना मात्र तसं दिसलं नाही. माझ्या खोलीत मी हेच रोज बघते. दाराशी चपला काढताना मुलाचा चेहरा पांढरा असतो, आणि वीस मिनिटांनी तोच मुलगा मान खाली घालून लिहीत असतो. तू गेली दीड वर्षं फक्त दाराशी उभा आहेस.

आता तुझ्या त्या "निवांत" या शब्दाबद्दल. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, नुकताच उठलाय. गड्ड्याच्या आधी तू स्वतःला काय सांगितलं होतंस? "गड्डा झाला की बसतो." मला हे माहीत आहे, कारण माझ्याकडची सगळी मुलं तेच सांगतात. मग शिवजयंती येते, मंडळाची मीटिंग असते. मग एप्रिलात आंबेडकर जयंती. मग सबमिशन, जर्नल, ओरल. मग ४२-४३ अंशांचं ऊन, पत्र्याच्या खोलीत दुपारी पुस्तक उघडवत नाही. आणि मग पेपरला बारा दिवस उरतात. डिग्री संपल्यावर तर याहून वाईट. मित्र पुण्याला गेलेले असतात, वर्ग नसतो, घरचे रोज विचारतात "नोकरीचं काय?", आणि तू दिवसा कुठेतरी दहा-बारा हजारांवर राबून रात्री एम-थ्रीतली फूरिये सिरीज उघडणार. एकट्यानं, कुणाला न विचारता. ज्या विषयाला सगळ्यात जास्त मदत लागते, तोच तू मदत करणारं कुणी नसेल त्या दिवसांसाठी राखून ठेवतोयस.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी.

पहिली नियमाची. बऱ्याच विद्यापीठांत शेवटच्या वर्षाला प्रवेश मिळण्यासाठी दुसरं वर्ष पूर्ण सुटलेलं असावं लागतं. एम-थ्री हा दुसऱ्या वर्षाचा विषय. तुझ्या पॅटर्नला हा नियम लागू असेल, तर "शेवटी देतो" हा पर्यायच तुझ्याकडे नाही. मेमधली परीक्षा हीच तुझी संधी आहे, नाहीतर वर्ष जाईल. हे मित्राला विचारू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नोटिशीवरही विसंबू नकोस. कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, तुझ्या प्रवेशाचं वर्ष सांग आणि नियम दाखवायला सांग. दहा मिनिटांचं काम आहे, पण तिथे जायचीही तुला भीती वाटत असणार, म्हणून हे सगळ्यात आधी कर.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. तो दर काही वर्षांनी बदलतो. बदलला की जुन्या पॅटर्नच्या मुलांना ठराविक संधी मिळतात आणि त्या संपल्या की नव्या अभ्यासक्रमातला समकक्ष पेपर द्यावा लागतो. तुझ्याकडच्या वह्या, मागच्या प्रश्नपत्रिका, सगळं अर्धवट निरुपयोगी होतं. विषय तिथेच थांबून तुझी वाट बघत बसत नाही.

तिसरी गोष्ट नोकरीची. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या चालू बॅकलॉग, म्हणजे न सुटलेला विषय, असलेल्या मुलांना बसूच देत नाहीत. काही कंपन्या बसू देतात, पण रुजू व्हायच्या आत सगळं सुटलेलं हवं म्हणतात. आणि एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेचा विचार कधी मनात आलाच, तर मेकॅनिकलच्या पेपरात १०० पैकी साधारण १३ मार्क याच गणिताचे असतात.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्यावर.

"गणित येत नाही" असं म्हणणाऱ्या मुलाला मी कधीच एम-थ्रीचं गणित देत नाही. कोरा कागद देते आणि म्हणते, १/३ वजा १/५ कर. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला होता, एम-थ्रीतलं लाप्लास अजिबात जमत नाही म्हणत. त्यानं लिहिलं, उणे १/२. वरचा १ तसाच ठेवला, खालून खाली वजा. मी काही बोलले नाही. त्याला विचारलं, "एका भाकरीचा तिसरा हिस्सा तुझ्याकडे आहे, त्यातून अख्ख्या भाकरीचा पाचवा हिस्सा मला दिलास. तुझ्याकडे काय उरलं, कर्ज?" त्यानं कागदाकडे बघितलं, कान लाल झाले, आणि मग स्वतःच छेद १५ करून २/१५ लिहिलं. त्याला ते येत होतं. पण दहावीनंतर कॅल्क्युलेटर हातात आला आणि अपूर्णांक हातानं करायची वेळच आली नाही. इनव्हर्स लाप्लासमध्ये पार्शल फ्रॅक्शन करावी लागतात, ती म्हणजे या वजाबाकीचाच उलटा प्रवास. एक भागिले एस अधिक १ आणि एस अधिक २ यांचा गुणाकार, याचे दोन तुकडे पाडायचे: एक भागिले एस अधिक १, वजा एक भागिले एस अधिक २. ज्याला १/३ वजा १/५ हातानं करता येतं, त्याला हे कळतं. ज्याचं ते सुटलंय, त्याला लाप्लास म्हणजे जादूटोणा वाटतो, आणि मग तो पाठ करायला लागतो.

डिप्लोमाच्या मुलांच्या गणितातली भोकं बहुतेक ठरलेल्या जागी असतात. तुमचं गणित पहिल्या वर्षात, बेसिक आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्सबरोबर संपतं. पुढची दोन वर्षं मशीन ड्रॉइंग, वर्कशॉप, थिअरी ऑफ मशीन्स. इंटिग्रेशनला हात न लावता दोन वर्षं गेली की ते गंजतंच. आणि मग एम-थ्रीच्या वर्गात मास्तर फळ्यावर एक ओळ लिहून म्हणतात, "हे बाय पार्ट्स करा, सोपं आहे." त्यांच्या दृष्टीनं ते बारावीचं. तुझ्या दृष्टीनं ते तीन वर्षांपूर्वी घाईत झालेलं. तिथे तुझी पहिली ओळ तुटते. त्यानंतर तो तास, ते युनिट आणि मग तो विषयच तुझ्या हातून निसटतो, आणि तू निष्कर्ष काढतोस की डोकंच नाही. अरे, डोकं आहे की. एम-वन, एम-टू हे दोन टप्पे तुला शिकवलेच गेले नाहीत.

आणि एखादी गोष्ट पहिल्या ऐकण्यात पटली नाही, तर त्यात कमीपणा मानू नकोस. उष्णता कशी पसरते यावरचा आपला लेख फूरिये सिरीजवाल्या फूरियेनं १८०७ साली पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. कोणताही आलेख साइन-कोसाइनच्या बेरजेनं मांडता येतो, हा त्यातला दावा लाग्रांजसारख्या गणितज्ञालाही मान्य झाला नाही. फूरियेचं पुस्तक बाहेर आलं १८२२ साली. पंधरा वर्षं गेली. तुला ते एका तासात, मागच्या बाकावर बसून समजलं नाही, तर मला त्यात नवल वाटत नाही.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नसेल. तू एम-थ्री टाळतोयस, पण एम-थ्री तुला टाळत नाहीये. तू या वर्षी हीट ट्रान्सफर शिकतोयस ना? त्यात फिन आहे, इंजिनच्या सिलिंडरवर असतात त्या पट्ट्या. त्याचं समीकरण आठव: थीटाचं दुसरं डेरिव्हेटिव्ह वजा एम वर्ग थीटा, बरोबर शून्य. आणि उत्तर तू पाठ केलंयस, सी-वन गुणिले ईचा घात एम एक्स, अधिक सी-टू गुणिले ईचा घात उणे एम एक्स. हे आलं कुठून? डेरिव्हेटिव्हसाठी डी लिही: डी वर्ग वजा एम वर्ग बरोबर शून्य, म्हणून डीच्या किमती अधिक एम आणि उणे एम. संपलं. एम-थ्रीच्या पहिल्या युनिटातलं पहिलं गणित तू करून बसला आहेस, फक्त दुसऱ्या विषयाच्या वहीत. व्हायब्रेशनच्या विषयात स्प्रिंगला टांगलेलं वजन वर-खाली होतं, तिथेही तेच समीकरण, फक्त वजाच्या जागी अधिक. मग मुळं काल्पनिक येतात आणि उत्तरात साइन-कोसाइन येतात, म्हणून वजन झुलत राहतं. हे जोडून बघितलं नाहीस तर पुढचे विषयही तुला पाठच करावे लागतील. विषय पुढे ढकलण्याची किंमत मार्कलिस्टवर एकदाच दिसते, पण तू ती प्रत्येक सत्रात थोडी थोडी देतोयस.

आता कसं करायचं, ते सांगते. वेळापत्रक आखून देत नाही, कारण तुझा दिवस मला माहीत नाही आणि रंगीत पेनांनी आखलेली वेळापत्रकं मी खूप पाहिलीत. पण काही गोष्टी मी सगळ्यांना करायला लावते.

सुरुवातीचे दहा दिवस एम-थ्रीचं पुस्तक बंद. फक्त खालची डागडुजी: अपूर्णांक, वर्गसमीकरणाचे अवयव, डेरिव्हेटिव्हची वीसेक सूत्रं, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन. रोज तास-दीड तास. अकरावी-बारावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यातलीच उदाहरणं घे. या दहा दिवसांत तुला वाटेल की आपण मागे चाललोय. इथे बरीच मुलं पळतात. पळू नकोस.

मग लिनिअर डिफरेन्शियल इक्वेशन घे. युनिटांचा क्रम कॉलेजाप्रमाणे वेगळा असेल, पण मी सुरुवात इथूनच करते, कारण इथे हाताला लवकर यश येतं. एक उदाहरण बघ. डी वर्ग अधिक ५ डी अधिक ६, हे सगळं वाय वर, बरोबर ईचा घात २ एक्स. अवयव पाड: डी अधिक २ आणि डी अधिक ३. म्हणजे किमती उणे २ आणि उणे ३, कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, म्हणजे उत्तराचा पहिला भाग, तयार. आता उत्तराचा दुसरा भाग, पर्टिक्युलर इंटिग्रल: डीच्या जागी २ ठेव. ४ अधिक १० अधिक ६, झाले २०. उत्तर, ईचा घात २ एक्स भागिले २०. आठवीतल्या मुलालाही येईल एवढीच आकडेमोड आहे. उजवीकडे ईचा घात उणे २ एक्स असता तर? डीच्या जागी उणे २ ठेवलं की छेद शून्य होतो. इथे मुलं पेन खाली ठेवतात. तिथे करायचं इतकंच की वर एक्सनं गुणायचं आणि छेदाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं: २ डी अधिक ५. त्यात उणे २ ठेवलं की १ येतो. उत्तर, एक्स गुणिले ईचा घात उणे २ एक्स. ही जागा शंभरातल्या नव्वद प्रश्नपत्रिकांत कुठल्या ना कुठल्या रूपात येते, असं मी माझ्या अनुभवावरून सांगते. त्यानंतर लाप्लास. ही दोन युनिटं पक्की झाली की पासिंगच्या जवळ पोचतोस, आणि तिसरं कोणतं घ्यायचं ते तुझं तू ठरवू शकतोस. व्हेक्टर कॅल्क्युलस पुष्कळांना सोपं जातं. फूरिये सिरीजला चिकाटी लागते, कारण एका चिन्हाची चूक तीन पानं पुढे घेऊन जावी लागते.

अभ्यास म्हणजे सोडवलेली गणितं वाचणं, ही सवय मोड. सोडवलेलं गणित वाचताना सगळं समजतंय असं वाटतं. पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर तेच लिही, आणि कुठे अडतोस ते बघ. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुझा पेपर पाच मिनिटांनी नसतो, हे लक्षात ठेव.

जागा ठरव. घरी दोन खोल्यांत पाच माणसं असतील, टीव्ही चालू असेल, तर एखाद्या अभ्यासिकेत जा. आपल्याकडे पाणी यायच्या दिवशी घरात कुणाचाच अभ्यास होत नाही, हे मला माझ्याच घरावरून माहीत आहे. मग त्या दिवशी सुट्टी धर आणि ती आधीच धर, म्हणजे बुडाला म्हणून पुढचे चार दिवस वही उघडली नाही, असं होणार नाही. शक्य असेल तर कुणाला तरी सोबत घे. तुझ्याच वर्गात एम-थ्री राहिलेले आणखी चार जण असतील, आणि तेही तुझ्यासारखेच गप्प असतील.

पेपर पुढे ढकलणं कधीच बरोबर नसतं, असं मी म्हणत नाही. पूर्व भागातली एक मुलगी माझ्याकडे यायची. आई विड्या वळायची, ती त्या सत्रात आजारी पडून दवाखान्यात होती. दवाखाना, घर, धाकट्या भावाची शाळा, सगळं हिच्यावर. तिनं मला येऊन सांगितलं, "या वेळी एम-थ्री देत नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. पण दर रविवारी ती तासभर यायची आणि दोन गणितं करून जायची. कधी कधी एकच. पुढच्या सत्रात तिनं पेपर दिला आणि सुटली. तिनं पेपर पुढे ढकलला होता, विषयाशी बोलणं थांबवलं नव्हतं. तुझ्यावरही असं काही असेल, किंवा एकाच वेळी पाच-सहा विषय अंगावर असते, तर मीही म्हटलं असतं की आधी बाकीचे काढ. पण तू लिहिलंयस की बाकी सगळं सुटलंय. मग तुझ्याकडे या विषयासाठी जितकी जागा आत्ता आहे, तितकी पुढे असणार नाही.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण एकदा मी चुकीचा सल्ला दिलाय. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी अक्कलकोटकडून रोज एसटीनं येणारा एक मुलगा होता. गणिताचा पेपर म्हटलं की त्याला रात्रभर झोप यायची नाही. मला त्याची दया आली. मी म्हटलं, "गणिताचं टेन्शन घेऊ नकोस, आधी बाकीचे काढ, हे आपण नंतर बघू." त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो सुटकेचा भाव आला, तो मला चांगुलपणाचा पुरावा वाटला. त्यानं बाकीचे विषय खरंच काढले. पण "नंतर" आलंच नाही. मध्ये अभ्यासक्रम बदलला, त्याला नवीन युनिटांसह समकक्ष पेपर द्यावा लागला, आणि पदवी हातात यायला दोन वर्षं जास्त लागली. त्यानं मला कधी बोल लावला नाही. पण त्याला तेव्हाच रोज अर्धा तास समोर बसवायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

घरी सांगण्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी लिहिते. तुझ्या वडिलांचा स्वभाव मला माहीत नाही, त्यामुळे आजच सांग असं म्हणत नाही. पण लपवणं हे या विषयाचं सातवं युनिट आहे, आणि त्यात तुझी सगळ्यात जास्त ताकद जाते. निकालाच्या दिवशी काय सांगायचं, फॉर्मचे पैसे कशाचे म्हणून मागायचे, हे सगळं डोक्यात घेऊन अभ्यास होत नाही. दहा दिवस डागडुजी करून झाली, हातात पन्नास सोडवलेली गणितं आली, की वही घेऊन आईजवळ बस आणि सांग: हा विषय राहिलाय, हा मी करतोय, मेमध्ये देतोय. नुसतं "राहिलाय" सांगणं आणि वही समोर ठेवून "राहिलाय" सांगणं, यात फार फरक पडतो. माझ्याकडच्या बहुतेक मुलांना वाटत होतं त्यापेक्षा घरचं बोलणं कमी बसलं. काहींना जास्तही बसलं, ते खोटं सांगत नाही. पण त्या रात्रीनंतर तीही मुलं अभ्यासाला बसू लागली.

कॉलेजातल्या ज्या शिक्षकांना तू तोंड चुकवतोयस, त्यांच्याकडेही एकदा जा. "सर, काहीच येत नाही" असं म्हणत जाऊ नकोस, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. एक विशिष्ट गणित घेऊन जा आणि जिथे अडलास त्या ओळीवर बोट ठेव. शिक्षक कितीही कडक असला तरी बोट ठेवलेल्या ओळीला उत्तर देतो.

आज रात्री जेवण झाल्यावर एक कोरा कागद घे. कॅल्क्युलेटर आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. १/३ वजा १/५ कर. एक्स वर्ग अधिक ५ एक्स अधिक ६ चे अवयव पाड. ईचा घात २ एक्स याचं डेरिव्हेटिव्ह लिही. एक्स गुणिले साइन एक्स याचं इंटिग्रेशन कर. आणि शेवटी, एक भागिले एस अधिक १ आणि एस अधिक २ यांचा गुणाकार, याची पार्शल फ्रॅक्शन पाड. उत्तर वर दिलंय, पण ते न बघता. वीस मिनिटं लागतील. ज्या ओळीवर पेन थांबेल, तिथे तारीख घाल आणि थांब, पुढे रेटू नकोस. कोणत्या गणितात आणि कोणत्या ओळीवर थांबलास, ते मला कळव. पुढचं आपण तिथून ठरवू.